तळव्यावरची तीट

वालाच्या शेंगा बाजारात आल्या की मी त्या निवडून घेते. निवडून म्हणजे एकेक दाबून, उजेडाकडे धरून. भाजीवाली कंटाळते. "अळी नाय गं मावशे आत," म्हणते. नसेलही, पण बघायला काय जातं? आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिला पुनवेचा चंद्र दाखवला तर मागे काय लपवलंय ते आधी विचारेल. म्हणोत बापडे. संशय हा माझा जुना सोबती, सगळे गेले तरी हा काही गेला नाही.

या दिवसांत आमच्या कुंभिवलीला सकाळी धुकं असतं आणि हायवेवरचे ट्रक दिसायच्या आधी ऐकू येतात. भात झोडून झालेलं असतं. कापलेल्या खाचरांत राहिलेल्या ओलीवर वाल धरलेला असतो. संध्याकाळी कुठल्या तरी बांधावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, मीठ, परत पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. तो वास आला की मी खिडकी लावून घेते. पोपटी मला आवडते, पण त्या वासाबरोबर एक वर्ष घरात शिरतं.

यंदा मात्र खिडकी लावून भागलं नाही. माझ्या भावाच्या नातीचा, प्रेरणाचा, ठाण्याहून फोन आला. "आत्याआजी, आम्ही सगळे तिकडच्या पार्कात येतोय. बाळालाही आणतोय. दोन दिवस तुमच्याकडे राहिलो तर चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल की. फोन ठेवला आणि मनात पाल चुकचुकली. पाच महिन्यांचं पोर पार्कात जाऊन काय बघणार? खालापूरच्या अंगाला ते पार्क झालं तेव्हापासून आमच्या गच्चीतून त्यातला एक उंच पाळणा दिसतो. वर गेलेली माणसं मुंग्यांएवढी. त्यांच्या किंकाळ्या वारा फिरला की आमच्यापर्यंत येतात. एवढे पैसे भरून लोक घाबरायला का जातात, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. दुसरी शंका आली ती अशी, की मोठं हॉटेल सोडून ही माझ्याकडे का उतरतेय? आणि तिसरी आली ती शंका नव्हती. मला एकदम त्या बाळाचा तळपाय आठवला, जो मी अजून पाहिलाही नव्हता.

ते वर्ष सत्तरच्या पुढचं. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पदरात मूल नव्हतं. आमच्या माहेरी, कडावला, 'वांझ' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, आणि त्यांच्याबरोबर असले शब्दही सोडले असं आम्ही समजत होतो. या बाबतीत आई तर वडिलांच्या चार पावलं पुढे. अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, पोरांच्या गालाला तीट नाही. शेजारणीने कुणाच्या पोराला तीट लावली तर आई म्हणायची, "पोर धू, पूस, चांगलं खाऊ घाल. काळं कशाला करतेस गं त्याला?" तिने धुतलेली पोरं आरशासारखी लखलखायची.

पण शब्द सोडला म्हणून नजर सुटत नाही. बारशाला गेलं की बाळ हातोहात फिरायचं आणि माझ्यापाशी आलं की नेमकं त्याला भूक लागायची, नाही तर त्याची झोपेची वेळ व्हायची. मी पाळण्याची दोरी ओढून गाणं म्हणायचे आणि बायका माझ्या डोळ्यांकडे बघायच्या. आता मला सांगा, अशा माणसाने संशयी होऊ नये तर काय व्हावं?

त्या थंडीत खोपोलीच्या रस्त्याला, कापलेल्या भाताच्या माळावर, एक आनंदमेळा आला. मोठा आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, लाकडी विहिरीत फिरणारा मोटारसायकलवाला, हसायला लावणारे आरसे, आणि पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा फोटोवाला. आमच्या लोकांच्या दृष्टीने या मेळ्यात एक मोठी सोय होती, ती म्हणजे तिथे देव नव्हता. गावोगावच्या जत्रांना जायचं म्हणजे देवळाकडे पाठ कशी करायची याची पंचाईत. इथे नुसता पाळणा. तेव्हा आमचे लोक बिनधास्त जायचे, आणि माझ्या धाकट्या भावाने, काशिनाथने, निरोप धाडला की तान्ह्याला घेऊन आम्ही दोन दिवस राहायला येतो, मेळा बघतो.

काशिनाथचा मिलिंद तेव्हा पाच महिन्यांचा. मी त्याला धड हातात घेतलेलं नव्हतं. तो घरी येणार म्हटल्यावर मी घर सारवलं, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, एका दुपट्याला लाल काठ लावला. आमचे हे ते बघून हसले, म्हणाले, "मेळ्याला ते चाललेत की तू?" मला मेळ्याशी कर्तव्य नव्हतं. एकदा ते पोर कुणाची नजर पाठीवर नसताना मांडीवर घ्यायचं होतं, एवढंच.

ते कर्जतहून पळसदरीवरून जाणाऱ्या गाडीने खोपोलीला उतरले आणि तिथून टेंपोने आले. पुढे काशिनाथ, हातात पेटी. मागे त्याची बायको सुमन, अंगाने काटकुळी, वीसही नसेल, पदराखाली पोर असं धरलेलं की जणू वाटेत कुणी हिसकून घेणार होतं. मी हात पुढे केले.

"झोपलाय, वन्सं," ती म्हणाली.

पोर टक्क जागं होतं. पदराच्या फटीतून माझ्याकडेच बघत होतं.

त्या संध्याकाळी काय काय झालं ते मला अजून लख्ख आठवतं, कारण मी प्रत्येक गोष्टीचं वजन करत होते. मी दूध तापवून दिलं, तिने आधी स्वतः घोटभर पिऊन बघितलं. मी दुपटं अंथरलं, तिने त्यावर स्वतःचं अंथरलं. मी पाणी भरायला गेले की तिचा आवाज मोकळा व्हायचा, मी आले की बारीक. काशिनाथला यातलं काही दिसत नव्हतं. पुरुषांना अशा वेळी भिंत दिसते आणि ताट दिसतं. शेवटी त्यानेच तिला हातपाय धुवायला पाणी घालायला मागल्या दारी बोलावलं आणि जाताना पोर माझ्या मांडीवर टाकलं. "सांबाळ गं आक्का जरा."

पोराच्या पायात विणलेले मोजे होते. एक ओला वाटला म्हणून मी काढला. डाव्या तळव्याच्या खळग्यात काळी तीट होती.

गालावर नव्हती, कपाळावर नव्हती, कानामागेही नव्हती. तळव्यावर, मोज्याच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी. आणि ती गोल नव्हती. बोट उचलताना ओढलं गेलं असावं, तिला टाचेकडे जाणारं बारीक शेपूट होतं, पावसाच्या डबक्यातल्या बेडकीच्या पिल्लासारखं. ज्या घराने देव नदीत सोडले त्या घरचं पोर माझ्या दारी येताना पायाला काजळ लावून आलं होतं. ती कुणासाठी होती हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी मोजा परत चढवला. सुमन आली तेव्हा मी पोराशी बोलत होते, तोंड भरून. आतून काय झालं म्हणाल, तर भाकरी थापताना परात उलटी व्हावी तसं झालं. मी तिच्यावर चिडले नाही. चिडण्याच्याही आधी मला माझ्याच डोळ्यांची भीती वाटली. खरंच असेल का काही यांच्यात?

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना आम्ही मेळ्यात गेलो. लाउडस्पीकर, धूळ, भज्यांचा धूर, आणि पाळण्याच्या मागे जनरेटरची धडधड. पाच महिन्यांचं पोर या सगळ्याकडे ज्या नजरेने बघत होतं ती मला ओळखीची वाटली. त्याचाही कशावर विश्वास बसत नव्हता. आरशात स्वतःचं भोपळ्याएवढं डोकं बघून ते रडलं. पुठ्ठ्याच्या विमानात बसवलं तर फोटोवाल्याच्या काळ्या बुरख्याला घाबरून रडलं. लाकडी घोड्याच्या उघड्या दातांकडे बघून तर त्याने श्वासच धरला. लोक म्हणतात लहान पोरांना मेळा दाखवावा. पोरांना कुणी विचारलंय?

काशिनाथला मात्र पाळण्यात बसायचं होतं, आणि बायकोला घेऊनच. पोर घेऊन बसू देत नव्हते. "आक्का हाय की," तो म्हणाला. "दे तिच्याकडं."

सुमनने माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, पोराच्या पायाकडे बघितलं. मोजा नीट वर ओढला. मग दिलं.

पाळणा फिरायला लागला. तो वर जायचा तेव्हा सुमन अंधाऱ्या आभाळात नाहीशी व्हायची, आणि खाली यायचा तेव्हा तिचे डोळे यायचे. लोक हसत होते, किंचाळत होते. ती वाकून एकाच जागी बघत होती. दर फेरीला मी पोर जरा वर उचलून दाखवत होते, हे बघ, आहे, धड आहे. अशा किती फेऱ्या झाल्या देव जाणे, आणि देव तर आम्ही सोडलेले. मोटारीचा पट्टा सुटला आणि पाळणा थांबला. ती दोघं नेमकी अगदी वर.

खाली मेळेवाले धावले, शिव्या, ठोकाठोक, जनरेटरचा काळा धूर. मिलिंदने भोकाड पसरलं. वरून सुमनची हाक आली, "वन्सं…" पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तिथेच उभी राहिले असते तर बरं दिसलं असतं. पण पोराच्या नाकातोंडात धूर जात होता. मी पाठ फिरवली आणि गर्दीतून वाट काढत माळाच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीच्या आडोशाला गेले. जाताना मला ठाऊक होतं की वरून ती मला बघतेय. तिच्या पोराला घेऊन मी अंधाराकडे चाललेय, आणि ती खाली उतरू शकत नाही.

पेंढ्यामागे एकदम शांत होतं. लांबून पोपटीचा वास येत होता. मी त्याला खांद्यावर टाकून थोपटलं. पाय झाडताझाडता त्याने एक मोजा पाडला आणि उघडा तळवा माझ्या गळ्याशी टेकवला. गार, ओलसर. हळूहळू हुंदके थांबले. मग माझ्या पदराचं टोक तोंडात घालून ते चोखत बसलं. आयुष्यात पहिल्यांदा एक मूल माझ्यापाशी विसावलं होतं आणि बघायला कुणी नव्हतं. त्या घटकेचं मी कुणालाच काही सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं काही घडलंच नाही. ते चोखत होतं आणि मी उभी होते.

पट्टा चढला. ती दोघं खाली आली. सुमन धावतच आली, केस सुटलेले, आणि पोर माझ्याकडून ओढून घेऊन तिने काय केलं, तर आधी त्याचा तळपाय बघितला. तो कोरा होता. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्याशी काळा डाग उमटला होता.

"मी नाय लावली ती," मी काही न विचारताच ती म्हणाली. "सासूबाईंनी लावली. निघताना."

काशिनाथ मागून येत होता. "काय झालं गं?"

"काय नाय रं," मी म्हटलं आणि पदराने गळा पुसला.

सासूबाई म्हणजे माझी आई. गालाला तीट लावणाऱ्यांना हसणारी, पोरं लखलखीत धुणारी माझी आई. सुमनने लावली असती तर मी समजून घेतलं असतं, कालची आलेली पोर, माहेरची भीती घेऊन आलेली. पण आईने? मला पोटात वाढवणाऱ्या बाईने, माझ्या घरी नातू पाठवताना, माझ्यापासून जपायला? मेळा संपला, ती दोघं गेली, वालाच्या शेंगा जून झाल्या, आणि ही एक गोष्ट माझ्यात तशीच राहिली, दातात अडकलेल्या कुसळासारखी.

आईला विचारायचं मी कितीदा ठरवलं. कडावला गेले की तिच्या बोटांकडे बघायचे, काजळ दिसतंय का. तिच्या उशाखाली, फडताळात, डबी सापडतेय का. कधी सापडली नाही, आणि न सापडण्याचाही मला संशय यायचा. बाई हुशार, लपवली असेल. पुढे ती थकली तेव्हा मी चार दिवस उशाशी बसायला गेले होते. तिने हात वर केला आणि अंगठ्याने माझा गाल पुसला, लहानपणी पुसायची तसा. माझी मान आपोआप मागे गेली.

"काय गं शेवंते?" ती म्हणाली.

"काय नाय."

तिने हात खाली घेतला. बस्स, एवढंच. त्यानंतर तो हात परत वर आला नाही, आणि पुढच्या पावसाआधी आई गेली.

तर परवा ही मंडळी आली. मिलिंदची लेक प्रेरणा, तिचा नवरा, बाळ, आणि बरोबर सुमन. काशिनाथ जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुमनचे गुडघे गेलेत, केस पांढरे झालेत, पण मला अजून 'वन्सं' म्हणते. बाळाबरोबर एवढं सामान की जणू ते इथे नोकरीला आलंय. बाटल्या, बाटल्या धुवायचा ब्रश, घडीची गाडी, हवेने फुगणारा टब. प्रेरणाने दारातच बाळ माझ्या हातात दिलं आणि गाडीतून पिशव्या काढायला वळली. मागे वळूनही बघितलं नाही. मुलगी आहे, टपोऱ्या डोळ्यांची, माझा पदर ओढायला बघत होती. मी आत गेले, पलंगावर ठेवलं, आणि पहिलं काम केलं ते हे की मोजे काढले. दोन्ही तळवे कोरे. विश्वास म्हणून कोरे, की आजकाल कुणाला आठवत नाही म्हणून कोरे? हे मात्र तळवा बघून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्काला निघायची गडबड. मी बाळासाठी नाचणीचं सत्त्व शिजवायचं का विचारायला खोलीत गेले. प्रेरणा आंघोळीला गेलेली. सुमन पलंगाच्या कडेला दाराकडे अर्धी पाठ करून बसली होती, मांडीवर बाळ. तिच्या हाताशी एक पितळी डबी उघडी होती. तिने करंगळीला काजळ घेतलं, बाळाचा डावा पाय धरला, तळव्याच्या खळग्यात बोट टेकवलं आणि उचलताना ते टाचेकडे ओढलं. ठिपक्याला बारीक शेपूट आलं.

बेडकीचं पिल्लू. मी ते एकदाच पाहिलं होतं, पण अशी चीज विसरायला माणूस वेगळ्या मातीचं लागतं.

ती वळली. मी दारात उभी. मोजा तिच्या हातात.

"तवाबी तुझाच हात हुता," मी म्हटलं.

तिने नाही म्हटलं नाही. बाळाच्या पायात मोजा चढवला. मग म्हणाली, "भीत हुते ओ मी. तुमालाबी, आनि ह्यास्नीबी. ह्यांना कळलं असतं तर घराबाहेर काढली असती मला."

"मग आईचं नाव कशाला घेतलंस?"

"त्यांचं घेतलं की तुमी इचारणार नाय, मला ठावं हुतं." ती डबी मिटत म्हणाली. "सासूबाईंनी तर निघताना पुसली हुती एकदा. माज्यावर वरडल्या. म्हणाल्या, माज्या लेकीच्या घरी हे काळं घेऊन जायाचं नाय. मी गाडीत परत लावली."

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. मी गेले, गॅस बंद केला, ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. आईने माझ्यासाठी तीट पुसली होती. तो गाल पुसणारा अंगठा डोळ्यासमोरून हलेना. आता कुणाला सांगायचं की अगं आई, ये, पूस? माझ्या संशयाला आयुष्यभर सगळं दिसलं. शेंगेतली अळी दिसली, चंद्रामागचा अंधार दिसला. फक्त सुमनचं खोटं त्याने निवडून न बघताच पदरात घेतलं. रागाने म्हणा, दुःखाने म्हणा, मी तिथे ओट्याशी उभी राहून रडले. सुमन दारात आली होती.

पार्कात आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या मोठ्या पाळण्याखाली बाकावर बसलो, मांडीवर बाळ, बाजूला तिची रिकामी गाडी. तिथे माणसं लोटली होती, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, जो तो बाळाकडे बघून "किती गोड" म्हणून जात होता. प्रेरणा आणि तिचा नवरा वर बसले होते. पाळणा खाली आला की सवयीने मी तिचे डोळे शोधायचे. ती आमच्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याबरोबर हसत फोटो काढत होती. आमच्यावर तिचा काडीचाही संशय नव्हता, आणि खरं सांगते, त्याचीही मला सवय नसल्याने जरा चुकल्यासारखं झालं.

सुमन मात्र अस्वस्थ. थोड्या वेळाने तिने बाळाचा मोजा काढला, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि म्हणाली, "पुसते ओ वन्सं. सासूबाई पुसा म्हणाल्या असत्या."

मी इकडेतिकडे बघितलं. हजार डोळे, एकही ओळखीचा नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "गर्दी हाय."

आणि मी तो उघडा पाय माझ्याकडे ओढून घेऊन गळ्याशी धरला.